दातेगड, रविवार

मोरीच्या खिडकीतून
अकरा वर्षं दिसतो तो मला.
भांडी घासता घासता मान वर केली की गड,
खाली केली की कढई.
मी आटपाडीकडची. आमच्याकडे उंच म्हणजे
चिंचेचं झाड, नाहीतर ग्रामपंचायतीची टाकी.
पाटणला आले तेव्हा विचारलं होतं एकदा.
सासूबाई म्हणाल्या, काय ठेवलंय वर? दगूड.

यंदा मार्गशीर्षात पवनचक्कीच्या कंपनीत
डेन्मार्कचा माणूस आला. नाव जेप्पे.
हजेरीवर मी नीट लिहिलं,
पण गावानं दोन दिवसांत त्याचा जीप केला.
जीप आला का? जीप जेवला का?
मी स्टोअरला: नट, बोल्ट, ग्रीसचे डबे, खाली माझी सही.
डबा उचलता उचलता तो म्हणाला,
रविवारी, तो डोंगर?
बोट नेमकं माझ्या मोरीतल्या गडाकडे.

टोळेवाडीपर्यंत तात्याबाची गाडी.
पुढं मी, माझी शाल्मली
आणि दारात वाकून शिरणारा हा पाहुणा.
रोज टॉवरच्या पोटातून शिडी चढतो,
सरळ, कमरेला पट्टा बांधून.
इथं वाट जरा डावीकडे वळली की थांबतो,
जशी काही वाटेनंच फसवलं त्याला.
धापा टाकत सांगतो, आमच्याकडं एक टेकडी आहे,
आकाशाचा डोंगर म्हणतो आम्ही तिला.
किती उंच?
एकशे सत्तेचाळीस मीटर.
शाल्मली फिस्सकन हसली. मी डोळे वटारले.
मग तोही हसला, गुडघ्यांवर हात टेकून.
वरचं आकाश होतं तिथंच होतं.

उतारावर हौसाक्का गवताचा भारा बांधत होती.
कुठला गं ह्यो?
सांगितलं. डोंगर नाहीत म्हणे त्याच्या देशात.
तिनं दोरीची गाठ दातात धरली, सोडली.
मग पाणी कुठनं येतंय रं तुझ्यात?
मी इंग्रजी केलं.
तो बराच वेळ गप्प.
नळातून, असं म्हणाला, आणि
स्वतःलाच ते पटलं नसावं,
कारण पुढचा सगळा चढ तो बोललाच नाही.

दारात खडकातला गणपती, खडकातला मारुती.
आत विहीर. तलवारीच्या आकाराची म्हणतात,
मला ती मिटलेल्या डोळ्यासारखी दिसली.
एवढं चढून यायचं आणि मग पुन्हा
पायऱ्या पायऱ्यांनी खाली, गारव्यात, अंधारात.
पायऱ्या त्यानं मोजल्या, शाल्मलीनंही मोजल्या,
दोघांचा आकडा जुळेना.
तळाशी पाणी होतं. हिरवं, न हलणारं.
त्यानं हात बुडवला नाही.
नुसता बसून राहिला, देवळात बसतात तसा,
बूट काढून. कुणी सांगितलं नव्हतं.

भाकरी, ठेचा, उकडलेली अंडी.
त्याच्या डब्यातलं खारट चीज शाल्मलीनं
हळूच माझ्या भाकरीखाली सरकवलं.
खाली केरा कोयनेत शिरत होती, घाई नसल्यासारखी.
तो समोरच्या पठारावरची पाती मोजत बसला;
तेवीस नंबर परत बंद, म्हणाला,
आणि त्याच्या भाषेत एक शिवी हासडली.
शिवी कुठल्याही भाषेत कळते.
मी माझं घर शोधत होते.
पत्रे सगळे सारखेच.
मग दिसली गोधडी, लाल काठाची,
कालपासून आत घ्यायची राहिलेली.
तिच्याशेजारी खिडकी,
मोहरीएवढी.
तिथं कुणी नव्हतं.
मी बराच वेळ बघत राहिले, कुणी मान वर करतंय का.

चैत्रात तो गेला.
तेवीस नंबर आता फिरतोय.
परवा बाजारात हौसाक्का भेटली, पाटीत करवंदं.
कळलं का गं त्या जीपला, पाणी कुठनं येतंय ते?
मी म्हटलं, नाही अजून.
विचारतोय म्हणाला तिकडं.
तिनं मूठभर करवंदं पिशवीत जादा टाकली:
मग पाठव ह्यी.